म्हण आधी नीट वाच, मग पावसाची फाईल उघड

पत्र: ताई, मी बी.ए. मराठी केलंय आणि आता पर्यावरण विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव माण तालुक्यात. शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट आहे, तो मला दुष्काळावर करायचाय. डोक्यात असं होतं की आमच्या भागातली 'बनगरवाडी' कादंबरी, आजीच्या तोंडच्या नक्षत्रांच्या म्हणी, जात्यावरच्या ओव्या हे सगळं घ्यायचं आणि त्याला पावसाचे आकडे जोडायचे. गाईड म्हणाले, साहित्य आणि डेटा एकत्र करायला जाशील तर दोन्ही अर्धवट राहील, एक काहीतरी निवड. वर्गातले म्हणतात आकड्यांचाच कर आणि प्रत्येक चॅप्टरच्या सुरवातीला एक एक कविता टाक, छान दिसतं. मला ते पटत नाही पण का पटत नाही तेही धड सांगता येत नाही. एक्सेल जेमतेम येतं, कोडिंग अजिबात नाही. आणि खरं सांगते, यातून पुढे नोकरी लागेल का ही पण धाकधूक आहे. काय करू?
– माणदेशी वाचक

अगं, तुला जे पटत नाहीये ना, ते बरोबरच पटत नाहीये. चॅप्टरच्या डोक्यावर कविता चिकटवली म्हणजे कविता वाचली असं होत नाही, ती तिथे नुसती शोभेला असते, उद्या काढून टाकली तरी प्रोजेक्टचं काहीच बिघडणार नाही. पण गाईडचं म्हणणंही उडवून लावू नकोस हं. बहुतेक मुलं हे दोन विषय एकत्र करतात म्हणजे काय करतात, तर पहिली चाळीस पानं साहित्यातला दुष्काळ, पुढची चाळीस पानं पावसाचे ग्राफ, आणि शेवटी एक वाक्य की अशा रीतीने साहित्यातही पर्यावरणाचं प्रतिबिंब दिसून येतं. असे प्रोजेक्ट दरवर्षी येतात आणि ते खरोखरच दोन्हीकडून अर्धवट असतात. गाईडना भीती आहे ती याची, आणि ती रास्त आहे.

माझं म्हणणं एवढंच की साहित्य आणि डेटा यांची गाठ निष्कर्षात जाऊन मारता येत नाही, ती प्रश्न ठरवतानाच मारावी लागते. म्हणजे मजकूर इतका बारकाईने वाचायचा की नक्की काय मोजायचं हे त्या वाचनातून ठरलं पाहिजे. पावसाची बेरीज घ्यायची का पावसाचे दिवस मोजायचे, जून ते सप्टेंबर धरायचा का ऑक्टोबर-नोव्हेंबर, पाऊस बघायचा का पीक बघायचं का मेंढरं बघायची, हे निर्णय एरवी सगळे सवयीने घेतात. मान्सून म्हटलं की जून ते सप्टेंबर, दुष्काळ म्हटलं की सरासरीपेक्षा किती टक्के कमी, झालं. तुझं मराठीचं शिक्षण इथे कामाला येतं, कारण तुला वाक्य वाचता येतं.

आजीच्या म्हणीच घे ना. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती.' घाईत वाचणारा म्हणेल अच्छा, हा जुना हवामान अंदाज आहे, चला तपासू स्वातीत खरंच पाऊस पडतो का, आणि स्वाती नक्षत्रातल्या पावसाचा ग्राफ काढून ठेवेल. पण म्हण परत वाच. पाऊस पडेल असं ती कुठे म्हणतेय? पडला तर पीक कसं येईल एवढंच ती सांगतेय. म्हणजे तिचा दावा पिकाबद्दल आहे, आणि तो तपासायचा तर पावसाच्या कॉलमशेजारी पिकाच्या उताऱ्याचा कॉलम लागणारच, त्याशिवाय ती म्हण तपासलीच जात नाही. आता कुठलं पीक? सूर्याचं स्वाती नक्षत्र लागतं साधारण २४ ऑक्टोबरला आणि चालतं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्या दिवसांत तुमच्या रानात काय असतं हे मी तुला सांगायला नको, रब्बीचा शाळू म्हणजे ज्वारी असते, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरलेली, अजून कोवळी, आणि पुढे तिला पावसाची आशा जवळजवळ नाहीच. तेवढ्यात एक पाऊस झाला तर ती ओल तिला पुढे पुरते आणि कणसं भरतात. त्याच दिवसांत कोकणात भात कापणीला आलेलं असतं नाहीतर कापून शेतात आडवं पडलेलं असतं, तिथे स्वातीचा पाऊस आला की लोक डोक्याला हात लावतात. म्हणजे ही म्हण रब्बीच्या मुलखातली दिसते. आणि उलट 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा' ही बघ, उत्तरा म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासूनचे तेरा-चौदा दिवस, भात दाण्यात येण्याचा काळ, ही भाताच्या मुलखातली. म्हणींच्या संग्रहात या दोन्ही एकाच पानावर एकाखाली एक छापलेल्या सापडतात आणि आपण दोन्हींना 'महाराष्ट्रातल्या म्हणी' म्हणून मोकळे होतो, पण दोन्ही एकाच जिल्ह्याच्या आकड्यांवर तपासल्या तर त्यातली एक फुकट खोटी ठरेल.

मघाची म्हण तर अजून मजेशीर आहे. 'पडतील मघा तर चुलीपुढे हगा', तुझ्या आजीकडे हिचं वेगळं रूप असेल कदाचित. प्रोजेक्टमध्ये लिहायला लाजू नकोस, जशी आहे तशी लिही. ती काय सांगतेय, की मघा लागल्या तर इतका सतत पाऊस की घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. म्हणजे इथे किती मिलीमीटर पडला त्याला फारसा अर्थ नाही, एका रात्रीत शंभर मिलीमीटर कोसळून दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर ही म्हण लागू होत नाही. इथे लागोपाठ किती दिवस पाऊस झाला ते मोजायला पाहिजे. हवामान खात्याच्या व्याख्येत ज्या दिवशी २.५ मिलीमीटर किंवा जास्त पाऊस होतो तो पावसाळी दिवस, तर ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात असे दिवस सलग किती आले हा तुझा कॉलम. बघ, दोन म्हणी आणि दोन वेगळी मापं, आणि दोन्ही मापं तुला म्हण वाचूनच मिळाली, कुठल्या पाठ्यपुस्तकातून नाही. गाईडना हे दाखव. साहित्याचा अभ्यास आणि डेटा एकत्र केला म्हणजे काय केलं याचं याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

आता डेटाकडे येऊ, कारण इथे पण वाचायचंच काम आहे. पुण्याच्या हवामान खात्याकडे १९०१ पासूनचा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा आहे, पाव अंश बाय पाव अंशाच्या चौकोनांचा, आणि तो वेबसाईटवरून फुकट डाउनलोड करता येतो. एक चौकोन साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा. तू चुकूनही सातारा जिल्ह्याची सरासरी घेऊ नकोस, अगदी हात जोडून सांगते. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे जिथे वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवड आहे जिथे पाचशेच्या आसपास, तो पण मिळाला तर. या दोघांची सरासरी काढली की जो आकडा येतो तो पाऊस जिल्ह्यातल्या कुठल्याच माणसाच्या अंगावर पडलेला नसतो. माणवरचे चौकोन तेवढे घे आणि त्यांची नावनिशी, अक्षांश-रेखांश सगळं परिशिष्टात लिही. अलीकडच्या वर्षांसाठी राज्याच्या कृषी खात्याच्या महारेन साईटवर महसूल मंडळापर्यंतचा पाऊस मिळतो, त्याच्याशी ताडून बघता येईल.

ग्रिड डेटाच्या फाईली एक्सेलमध्ये थेट उघडत नाहीत, तिथे तुला मदत लागेल. पायथनमध्ये त्यासाठी आयएमडीलिब नावाची तयार लायब्ररी आहे, भूगोल किंवा कॉम्प्युटरच्या विभागातलं कोणी एका बैठकीत तुला हव्या त्या चौकोनांचा रोजचा पाऊस काढून सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल, करून देईल, त्याचे आभार नाव घालून मान. एकदा ते टेबल हातात आलं की पुढचं सगळं जेमतेम एक्सेल येणाऱ्याला पण जमतं. एका कॉलममध्ये तारीख, एकात पाऊस, तिसऱ्यात त्या तारखेचं सूर्याचं नक्षत्र, पंचांग बघून भरलेलं. मग पिव्होट टेबल लावलं की प्रत्येक वर्षी प्रत्येक नक्षत्रात किती पडला ते समोर येतं. इंग्रजी महिने बाजूला ठेवून नक्षत्रांच्या हिशोबाने मांडलेला पाऊस बघायला लागलीस की तुझ्याच लक्षात येईल की शेतकऱ्यांनी वर्ष तेरा-चौदा दिवसांच्या तुकड्यांत का कापलं, एका महिन्याच्या बेरजेत पेरणी साधली का हुकली हे दिसतच नाही. एक बारीक गोष्ट मात्र ध्यानात ठेव, नक्षत्रांच्या तारखा इंग्रजी कॅलेंडरवर हळूहळू पुढे सरकतात, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. तुझ्या कालखंडात याने मोठा फरक पडत नाही पण म्हण जर तीन-चारशे वर्षं जुनी असेल तर ती जन्मली तेव्हाची स्वाती आजच्या तारखांच्या चार-पाच दिवस आधी होती. एका तळटीपेत हे लिहिलंस तर परीक्षकाला कळेल की तू दोन्हीकडचा विचार केलायस.

पिकाच्या उताऱ्यासाठी इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा जिल्हावार डेटा बघ, १९६६ पासूनचा आहे आणि त्यात रब्बी ज्वारी खरीप ज्वारीपासून वेगळी दिलेली आहे. हा आकडा जिल्ह्याचाच मिळणार, पण रब्बी ज्वारी तुमच्या बाजूला पूर्वेच्या तालुक्यांतच जास्त होते, महाबळेश्वरात कोण शाळू पेरतंय, त्यामुळे पावसाच्या सरासरीइतका हा आकडा फसवत नाही. तरी ते लिहून टाक. तुझा काळ मग आपोआप १९६६ नंतरचा ठरतो, पावसाचा डेटा त्याआधीचा असला तरी जोडीला पीक नाही. आणि या काळात बाकीचं पण बदललं, खतं आली, विहिरींवर मोटारी बसल्या, अलीकडे उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचं पाणी माण-खटावकडे आलं, त्यामुळे उतारा पावसाशिवायही वरखाली झाला असणार. म्हणून सरळ कोरिलेशनचा, म्हणजे पाऊस आणि उतारा किती जोडीने वरखाली होतात याचा, एक आकडा काढून त्यावर उड्या मारू नकोस. स्वातीत दणकून पाऊस झालेली वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतील, एवढ्याशा वर्षांवर मोठी मोठी संख्याशास्त्रीय विधानं करणं बरं नाही. त्यापेक्षा प्रत्येक वर्षाचा एक ठिपका काढ, आडवा स्वातीचा पाऊस, उभा शाळूचा उतारा त्या त्या दशकाच्या सरासरीच्या तुलनेत, आणि प्रत्येक ठिपक्यावर वर्ष लिही. सगळी वर्षं दिसू देत.

आणि मग खरं काम सुरू होतं. काही वर्षं म्हणीच्या विरोधात जाणार, स्वाती पडल्या आणि तरी पीक आलं नाही अशी. मुलं इथे काय करतात तर ती वर्षं 'अपवाद' म्हणून बाजूला टाकतात नाहीतर म्हण खोटी म्हणून जाहीर करतात. तू ती वर्षं कागदावर लिहून घे आणि आजीपुढे बस, गल्लीतल्या अजून चार म्हाताऱ्या माणसांना बोलाव, आणि विचार त्या साली काय झालं होतं. कोणी सांगेल अहो त्या साली हस्तच कोरडा गेला, पेरणीच झाली नाही, स्वाती पडून करणार काय, रान मोकळंच होतं. असं उत्तर आलं की तुला कळेल की त्या एका ओळीच्या म्हणीत पेरलेलं रान गृहीत धरलेलं आहे, जी म्हण ऐकते तिला ते माहीत असतं म्हणून ते सांगितलेलं नाही. मग परत डेटाकडे ये आणि हस्तात ओल झालेली वर्षं वेगळी काढून फक्त त्यांच्यावर स्वातीचा पाऊस बघ. वाचनातून आकड्यांकडे, तिथून परत म्हणीकडे, परत आकड्यांकडे, अशा फेऱ्या तुझ्या प्रोजेक्टमध्ये दिसल्या पाहिजेत, चॅप्टरची रचनाच तशी कर. साहित्य एका चॅप्टरमध्ये आणि डेटा दुसऱ्यात असं पाडूच नकोस. म्हणीमागे एक चॅप्टर कर.

ओव्यांचं सांगते. ओव्यांवर करायचं मनात असेल तर तुझं नशीब चांगलं आहे, कारण हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने २०१७ पासून त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट ऑनलाईन आणायला सुरवात केली. साहित्याचं साहित्य आणि डेटाबेसचा डेटाबेस. पण त्यात शोध घ्यायला गेलीस की मराठी भाषा लगेच परीक्षा घेते. तू शोधशील 'पाऊस', आणि 'पावसाचा', 'पावसानं', 'पावसात' यातलं एकही येणार नाही. बरं म्हणून नुसतं 'पाव' शोधलंस तर पावसाबरोबर पाव्हणा येईल, पाऊल टाकलेली पावलं येतील, नवसाला पावलेला देव येईल. 'विहीर' शोधलीस तर 'विहिरीवर' निसटेल. मृगाला मिरग म्हणतात, वळीव वेगळा, मेघराजा वेगळा, आणि कितीतरी ओव्यांत पावसाचं नावच नसतं, भाऊ औत घेऊन निघाला एवढंच असतं आणि ऐकणारीला कळतं की पाऊस झालाय. हे शेवटचं कुठलंही सॉफ्टवेअर शोधून देणार नाही. अजून एक छळणारी गोष्ट म्हणजे 'ऱ्या' हे अक्षर कॉम्प्युटरवर दोन-तीन प्रकारे टाईप होतं, दिसायला एकसारखं आणि आत कोड वेगळे, त्यामुळे 'दुसऱ्या' हा शब्द समोर दिसत असूनही सर्च म्हणतो सापडला नाही. आधी सगळा मजकूर एकाच प्रकारात बदलून घ्यायचा आणि मगच मोजायचं.

म्हणून ओव्यांसाठी माझा सल्ला असा की हजारो ओव्यांवर धाड घालू नकोस. दोन-तीनशे ओव्या निवड, कशा निवडल्या ते आधी लिहून ठेव, प्रत्येक ओवी स्वतः वाच आणि एक्सेलमध्ये हाताने कॉलम भर, पाऊस थेट आलाय का सूचित आहे, कोणाच्या शेतासाठी आलाय, भावाच्या का लेकाच्या का नवऱ्याच्या, तो हवाय का नकोय, पिण्याच्या पाण्याचा उल्लेख आहे का. मग त्यातल्या पन्नास ओव्या मैत्रिणीला दे, तुझे कॉलम न दाखवता तिला भरायला सांग, आणि दोघींचं किती जुळतं ते बघ. जिथे जुळत नाही तिथे भांडा, त्या भांडणातून जे निघतं ते तुझ्या लिखाणाचं उत्तम पान असेल. आणि अमुक तालुक्यात पावसाच्या ओव्या जास्त म्हणजे तिथल्या बायकांना पावसाची काळजी जास्त असा निष्कर्ष काढू नकोस बाई, जमवणारे कुठल्या गावांत जास्त फिरले, कोणाशी ओळख होती, यावर ते वाटप ठरलेलं असतं.

'बनगरवाडी'बद्दल थोडक्यात. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची, औंध संस्थानाच्या काळातल्या धनगरवस्तीची, आणि शेवटी दुष्काळात वस्ती उठते. तुझ्या मनात असणार की तो दुष्काळ कुठल्या सालचा ते पावसाच्या आकड्यांतून शोधावं. नको. कादंबरी साल सांगायला बसलेली नाही, आणि ओढूनताणून साल ठरवलंस तरी त्याने कादंबरीही जास्त कळत नाही आणि दुष्काळही. त्यापेक्षा तिथे दुष्काळ कोणावर येतो ते वाच. मेंढरांवर येतो, चाऱ्यावर येतो, मग माणसं निघतात. हे एकदा मनात बसलं की तू पावसाबरोबर पशुगणनेतल्या मेंढ्यांचे आकडे शोधायला जाशील, ती गणना १९१९-२० पासून साधारण दर पाच वर्षांनी होत आलीय, विसावी २०१९ ची. पण हा वेगळा प्रोजेक्ट आहे. या सेमिस्टरला तीनही घेऊ नकोस. म्हणी घे, कारण त्या छोट्या आहेत, पिकाशी आणि तारखेशी थेट बांधलेल्या आहेत आणि आजी घरात आहे. ओव्या आणि कादंबरी पुढे पीएचडीला लागतील.

एक गोष्ट मात्र तुझ्यासारख्या साहित्यातून आलेल्या मुलीला आवर्जून सांगायचीय, कारण तुम्ही मुली आकड्यांपुढे उगाच दबता. आकडा पण कोणीतरी लिहिलेला असतो. आपल्याकडे दुष्काळ ठरायचा पैसेवारीवर, म्हणजे नेहमीच्या पिकाला रुपया धरून यंदा किती पैसे पीक आलं यावर, पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई, आणि ती पैसेवारी गावात माणसं बसून, पीक कापून, वजन करून, अंदाज बांधून ठरवत आली. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ नियमावलीनंतर पाऊस, पिकांचा हिरवेपणा, जमिनीतला ओलावा असे निकष आले. म्हणजे 'दुष्काळ जाहीर झालेली गावं' असा पन्नास वर्षांचा ग्राफ काढलास तर मधे व्याख्याच बदललीय, आणि रेघ वर गेली का खाली याचं अर्ध उत्तर सरकारी आदेशात आहे, आभाळात नाही. तू जशी कविता वाचताना विचारतेस ना की हे कोण बोलतंय, कोणाला उद्देशून, काय सांगायचं टाळतंय, तेच प्रश्न टेबलाला विचार. सावित्रीबाईंचं २० एप्रिल १८७७ चं जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे, जुन्नरजवळच्या ओतूरहून, त्या मोठ्या दुष्काळातलं. ते आणि त्याच काळातले सरकारी दुष्काळी कामांचे आकडे शेजारी ठेवून वाच एकदा. सरकारी कागदात कामावर किती माणसं आली हे असतं, आणि पत्रात गाव सोडून जाणारी माणसं, जनावरं, सावकार हे असतं. कामावरची माणसं कमी झाली म्हणजे दुष्काळ ओसरला का मजुरी परवडेना म्हणून लोक आलेच नाहीत, हे आकड्यावरून कळत नाही. प्रोजेक्टमध्ये हे घेऊ नकोस, पण वाच, डोळा तयार होतो.

गाईडना अजून शंका असेलच, की हे विज्ञान आहे का. त्यांना क्योटोचं उदाहरण सांग. जपानमध्ये यासुयुकी आओनो या संशोधकाने दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिश्या, बखरी, कविता यांतून क्योटोतल्या चेरीच्या पूर्ण बहराच्या तारखा जमवल्या, त्या थेट इसवी सन ८१२ पर्यंत मागे जातात. त्यावरून तिथलं वसंतातलं तापमान शतकानुशतकं कसं बदललं याचा अंदाज बांधता आला, आणि २०२१ मध्ये २६ मार्चला बहर आला तो तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींतला सगळ्यात लवकरचा होता. हवामानशास्त्रज्ञ ही मालिका वापरतात. आणि ती कशी बनली, तर कोणीतरी बसून वाचलं की इथे फुलं पूर्ण उमललीत का गळायला लागलीत, चेरीचं झाड त्याच जातीचं आहे का, जुन्या कॅलेंडरची तारीख आजच्या कुठल्या तारखेला येते. म्हणजे वाचनच. तिथे वाचन चुकलं असतं तर तापमान चुकलं असतं.

नोकरीचं विचारलंयस. खोटी आशा दाखवत नाही, 'साहित्य आणि डेटा' अशी पाटी लावून कोणी जाहिरात देत नाही. पण पाणलोट, हवामान बदल, शेती यांवर काम करणाऱ्या संस्थांना गावात जाऊन माणसांचं बोलणं नीट लिहून घेणारी आणि संध्याकाळी तेच टेबलात बसवणारी मुलं लागतात, आणि ती सहजी मिळत नाहीत. मुलाखतीत तू एक म्हण, एक ठिपक्यांचा ग्राफ आणि विरोधात गेलेल्या वर्षांची कहाणी सांगितलीस तर समोरचा ऐकेल. आणि एक्सेल जेमतेम आहे ते या चार महिन्यांत चांगलं करून घे, त्यात काही अवघड नाही, पिव्होट, अटीवर बेरीज आणि साधे ग्राफ एवढ्यावर हा प्रोजेक्ट होतो.

तर आता गाईडकडे जाताना एकच पान ने. वर तीन म्हणी लिही, आजीने सांगितल्या तशा, तिच्या उच्चारात. प्रत्येकीपुढे लिही की ती नक्की काय दावा करते, कुठल्या पिकाबद्दल, कुठल्या तारखांचा, आणि त्यासाठी कुठला कॉलम लागेल, तो कुठून मिळेल, किती वर्षांचा. गाईड आकड्यांचे आहेत, त्यांना हे पान लगेच कळेल. ते म्हणतील म्हण खोटी ठरली तर काय करशील, तेव्हा सांग की कुठल्या वर्षी आणि का खोटी ठरली तेच लिहिणार आहे. आजीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड कर, तिला विचारून, आणि म्हण सांगून झाली की लगेच बंद करू नकोस, ती पुढे जे बोलते, अमक्या साली असं झालं होतं, तमक्याची बैलं विकली, ते सगळं राहू दे. टेबल तयार झालं की मला पाठव, विरोधात गेलेली वर्षं मला बघायचीत.